चाचांचं कुलूप

या ग्रुपवर मी दोनेक वर्षं नुसती वाचक आहे. दुपारी डबा खाताना तुमचे अनुभव वाचायचे आणि मनातल्या मनात खोट काढायची, हा माझा छंद. पांढरी साडी, पैंजण, चिंचेचं झाड आलं की मी पुढच्या पोस्टवर. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर ठेवायला वेळही नव्हता. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं असतात, त्यातलं कुठलं दुखतंय ते शोधायचं, एवढंच माझं काम. तेव्हा माझ्या गोष्टीत पैंजण नाहीत आणि रात्रही नाही. भर दुपार होती, बाहेर लाउडस्पीकरवर निकाल वाचणं चालू होतं, आणि प्रकरण आहे एका चिकटपट्टीचं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आधी जागा सांगते. संभाजीनगरहून पैठण रोडला लागलं की चितेगावच्या अलीकडे आमच्या विद्यापीठाचं क्रीडा संकुल आहे. नाव लिहीत नाही... नोकरी आहे. चारशे मीटरचा ट्रॅक, सिंथेटिक होणार होणार म्हणता म्हणता अजून मुरमाचाच. इनडोअर हॉलचं लाकडी फ्लोअरिंग एका कोपऱ्यात फुगलेलं, तिथं कबड्डीची मॅट टाकून ते झाकलंय. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली चार खोल्या आहेत — स्टोअर, मुलींची चेंजिंग रूम, ऑफिस आणि कोपऱ्यातली माझी फिजिओ रूम. तिला एक दार आणि जाळीची एक खिडकी. आत रेक्झिन फाटलेला पलंग, दोन मशीनं (एक चालू, एक बंद), बर्फाचा डबा आणि एक लोखंडी कपाट. कपाटाची चावी माझ्या आयकार्डाच्या दोरीला, म्हणजे माझ्या गळ्यात असते. फ्रिजही आहे, पण त्यात कोच लोकांचं ताक असतं.

आता स्टाफ. कागदावर पाहाल तर आमचा ट्रेनिंग स्टाफ भरपूर आहे. प्रत्यक्षात मी आहे. एकटी, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, आणि अशा ऑर्डरी घेत घेत नऊ वर्षं झाली. सकाळी साडेपाचला ग्राउंड, मग घर, मग पुन्हा दुपारी ग्राउंड. कोणाचा खांदा, कोणाचा घोटा, कोणाची मांडी. संध्याकाळी घरी गेल्यावर सासूबाई म्हणतात, "जरा पाय चेपून देतेस का गं," तेव्हा मला खरोखर रडू येतं.

आधी मी एकटी नव्हते. वहीदचाचा होते.

चाचांची पोस्ट शिपायाची, ग्राउंडवर पाणी मारायची. पण तीस वर्षं त्यांनी खेळाडूंचे पाय चोळले, बांधले आणि सांभाळले. शहागंजातून सायकलनं यायचे... एवढ्या लांब, आणि वेळेत. मी डिग्री घेऊन नवीन आले तेव्हा त्यांच्या पट्टी बांधण्याला हसले होते. त्यांच्याकडे खाकी रंगाचं जुनं कापडी प्लास्टर असायचं, रबराचा वास येणारं. कात्री कधी वापरायची नाही. दातानं चर्रकन तोडायचे, आणि शेवटचं टोक बोटभर दुमडून ठेवायचे. त्याला ते 'कान' म्हणायचे. खेळाडूला नंतर कान धरून पट्टी ओढता यावी म्हणून. महिनाभरात माझं हसू गेलं, कारण माझ्या टेपा दुसऱ्या राउंडला सुटायच्या आणि चाचांची पट्टी संध्याकाळपर्यंत हलायची नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती सगळ्या ग्राउंडला माहीत होती. एखाद्या पोराला पळवू नये असं चाचांना वाटलं, तर ते कोणाशी भांडायचे नाहीत. शिपाई माणूस, कोणाला काय सांगणार? ते गपचूप पट्टी बांधायचे. पण अशी बांधायचे की पाय बुटात जायचाच नाही. अंगठा आणि शेजारचं बोट एकत्र, टाचेवरून चार फेरे, वर नडगीपर्यंत जाड थर. पोरगं ओरडायचं, कोच ओरडायचे, चाचा मान खाली घालून उभे. ते कापून नवीन बांधेपर्यंत शर्यत निघून जायची. पोरं याला 'चाचांचं कुलूप' म्हणायची. तीस वर्षांत फार वेळा नाही लावलं त्यांनी, पण लावलं की डायरेक्टरच्या केबिनमध्ये त्यांना उभं केलं जायचंच. एकदा अशीच बोलणी खाऊन बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "चाचा, कशाला हा उपद्व्याप? मला सांगायचं ना."

ते हसले. "कागज पे तुम्हारी सही चलती मॅडम. मेरी पट्टीच चलती."

रिटायर झाले त्याच वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेल्यात जमा. मी एकदा भेटून आले. नंतर जाईन जाईन म्हणत राहिले आणि दीड वर्ष गेलं. शहागंज काही लांब नाही, हे मला माहीत आहे. पण माणूस दमलेला असला की त्याला सगळंच लांब वाटतं.

आता मूळ गोष्ट. त्या वर्षी राज्यातल्या विद्यापीठांच्या मैदानी स्पर्धा आमच्याकडे होत्या. आधीच्या सोमवारी ऑफिसमधून फाइल आली. आमच्या पूर्ण संघाचे फिटनेस फॉर्म, प्रत्येकावर 'तपासून खेळण्यास योग्य' असं छापलेलं, खाली माझ्या सहीची जागा. "मॅडम, चहा घेता घेता करून टाका," डायरेक्टर सर म्हणाले. हे दर वर्षीचं. आधी सह्या, मग जमेल तशी तपासणी. सगळीकडे असंच चालतं, हे मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलंय. चहा संपायच्या आत मी शेवटच्या फॉर्मवर सही केली. त्यात शुभांगीचा फॉर्म होता.

शुभांगी सिल्लोडजवळच्या एका गावची. आठशे मीटर पळते. वडील मक्याच्या हंगामात पिकअप चालवतात, आई शिलाईकाम करते. पोरीचं एकच गणित होतं — या स्पर्धेत मेडल, मेडलचं सर्टिफिकेट लावून पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेतून नंबर. वयाची मुदत संपत आली होती. ती मंगळवारी रूमवर आली आणि म्हणाली, "मॅडम, नडगी जरा धरती. लई नाय."

लई नाय म्हणणारी पोरंच जास्त धोक्याची असतात. मी अंगठ्यानं नडगीचं हाड दाबत वर गेले. घोट्याच्या वर चार बोटं, आतल्या बाजूला, एका ठिकाणी तिचा श्वास थांबला.

"दुखतं?"

"थोडं."

"त्या पायावर एक उडी मार बघू."

तिनं मारली. खाली आली तेव्हा तोंड भिंतीकडे फिरवून घेतलं, मला दिसू नये म्हणून. मला दिसलं. हाडाला बारीक तडा गेला असणार हे मला त्याच क्षणी कळलं. एमआरआय करायला हवा, पळणं पूर्ण बंद करायला हवं, आणि माझी कालची सही मी खोडायला हवी, हेही कळलं. मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मी तिचे कोच जाधव सरांकडे गेले. वाईट माणूस नाही तो. माझ्यासारखाच अकरा महिन्यांवाला. मी म्हटलं, "सर, शुभांगीला जरा जपून." एवढंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, फायनलपर्यंत उभी राहू द्या. मग सहा महिने झोपवा. तिच्या घरी जाऊन नाही म्हणून तुम्ही सांगणार का?" हॉलमध्ये वेटलिफ्टिंगचा एक पोरगा कंबर धरून बसला होता, मी तिकडे गेले.

कुठं दाबल्यावर तिचा श्वास थांबला, ते मी कोणाला सांगितलं नाही. हे लक्षात ठेवा.

गुरुवारी तिची हीट, म्हणजे पहिली फेरी, झाली. मी टेप बांधून दिली, ती पळाली, फायनलला आली. शुक्रवारी साडेतीनला फायनल. दोन वाजता ती रूमवर आली आणि पलंगावर आडवी झाली. आठवडाभर चार-चार तास झोपून माझे डोळे जळत होते. मी कपाटाला चावी लावतच होते, तेवढ्यात हॉलमधून निरोप आला — कबड्डीच्या सरावात एका मुलीचा खांदा निखळला. "पडून राहा, मी आले," असं शुभांगीला म्हटलं आणि पळाले. कपाट बंदच होतं आणि चावी माझ्या गळ्यात.

दाराबाहेर खुर्चीवर आमचे वॉचमन सुखदेव मामा बसलेले होते. पन्नाशी उलटलेला, एका जागी बसला की न हलणारा माणूस.

खांद्याला पाऊण तास लागला. पावणेतीनला मी परत आले तेव्हा शुभांगी डोळे मिटून पडली होती. आणि तिचा डावा पाय बांधलेला होता.

अंगठा आणि शेजारचं बोट एकत्र. टाचेवरून चार फेरे. वर नडगीपर्यंत जाड थर, आणि घोट्याच्या वर चार बोटं, आतल्या बाजूला, पट्ट्यांची एक फुली. टोकाला दुमडलेला कान. पट्टी खाकी होती... रबराचा वास खोलीभर होता. ती पट्टी आमच्याकडे येणं बंद होऊन पाच वर्षं झाली. मी स्टोअरचं सामान दर वर्षी स्वतः मोजून घेते, मला माहीत आहे.

मी आधी कपाट पाहिलं. कुलूप जसंच्या तसं. मग शुभांगीला हलवलं.

"कोणी बांधलं हे?"

ती उठून बसली, पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमीच ना मॅडम?"

"मी आत्ता येतेय."

"नाय, तुमीच होत्या. मी डोळे मिटेल होते, पण जागी होते. तुमचा हात लई थरथरत होता. मला वाटलं, मॅडम दमल्या." मग म्हणाली, "एकाच हातानं बांधत होत्या तुमी. दुसरा हात लागलाच नाय मला. आन् पट्टी दातानं तोडली... आवाज आला ना."

माझे हातपाय गार पडले. हे वाक्य मी तुमच्या पोस्टांमध्ये शंभर वेळा वाचून हसले आहे, पण खरंच पडले. बाहेर जाऊन मामांना विचारलं, आत कोण गेलं होतं.

"कोणीच नाय गेलं मॅडम. मी इथंच बसेल व्हतो. तुमी गेल्या, तुमीच आल्या."

यापुढचं सांगायला मला जड जातं, पण त्यासाठीच लिहायला बसले आहे. जाधव सर धावत आले. कॉल रूम बंद व्हायला वीस मिनिटं होती. कॉल रूम म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंनी हजर व्हायची जागा, ती बंद झाली की विषय संपला. सरांनी शुभांगीचा स्पाइक्सचा बूट घेतला आणि पायात घालायला लागले. जाईना. त्यांनी पाय बघितला, आणि त्यांचा चेहरा उतरला. तेही चाचांच्या वेळचे. "हे कुलूप आहे मॅडम. तुम्ही?"

"मी नाही."

"मग कापा!"

आणि मी कात्री घेतली.

तुम्हाला वाटत असेल मी कात्री ठेवून दिली असेल. नाही. मला माहीत होतं त्या पट्टीखाली काय आहे, पट्टी कोणासारखी बांधली आहे हेही दिसत होतं, आणि तरी मी कापत होते. जोर लावून, घाम पुसत. सर ओरडत होते, पोरगी "लवकर मॅडम, लवकर" म्हणत होती, आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की हे एकदाचं उरकावं आणि मला कुठंतरी बसता यावं. ती शर्यत थांबावी असं मला वाटत नव्हतं. सगळंच थांबावं असं वाटत होतं. पट्टी चामड्यासारखी चिवट होती. एक थर सुटला की खाली दुसरा. कात्री टाचेपाशी पोचली तेव्हा लाउडस्पीकरवर महिला आठशे मीटरची शेवटची सूचना झाली. सर बूट हातात घेऊन तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं पिस्तुलाचा आवाज आला, मग लोकांचा आरडाओरडा, आणि आम्ही तिघं खोलीत. शुभांगीनं पलंगाच्या रेक्झिनमध्ये तोंड खुपसलं. मी कात्री धरून खाली फरशीवर बसले.

सोमवारी सर तिला शहरात घेऊन गेले, मीच मागं लागले म्हणून, आणि मीही बरोबर गेले. एमआरआयमध्ये तडा निघाला. हाड अर्ध्याच्या वर गेलेलं, बरोबर त्याच जागी. डॉक्टर म्हणाले, ही पोरगी अजून एकदा जीव तोडून पळाली असती तर ट्रॅकवरच हाड मोडून दोन तुकडे झाले असते, मग कसली भरती आणि कसलं काय. मग त्यांनी विचारलं, हिला वेळेवर थांबवलं कोणी?

"मॅडमनी," जाधव सर म्हणाले. बाहेर आल्यावर मला हात जोडले. "त्या दिवशी ओरडलो, माफ करा. तुम्ही मुद्दाम बांधलं आणि मुद्दाम हळू कापलं, हे मला आत्ता कळतंय."

मी सांगायला हवं होतं. एक-दोनदा तोंड उघडलंही. पण काय सांगणार होते? सगळ्या विभागात तीच गोष्ट झाली. बक्षीस समारंभात डायरेक्टर सरांनी 'आमच्या फिजिओ मॅडमची समयसूचकता' असं म्हणून शाल-श्रीफळ दिलं. शुभांगीची आई सिल्लोडहून आली होती, तिनं माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. मी हात काढून घेतले नाहीत. त्याची लाज वाटते मला, अजूनही.

त्या संध्याकाळी शाल तशीच पिशवीत घालून मी शहागंजला गेले. गल्लीत रिक्षा जात नाही, चालत गेले. चाचींनी दार उघडलं. "आओ बेटा, अंदर आओ. कित्ते दिनां बाद!"

चाचा पलंगावर होते, पार वाळलेले. उजवा हात चादरीवर ठेवून दिल्यासारखा पडलेला. डोळे मात्र तेच. मी शाल त्यांच्या अंगावर टाकली आणि खाली वेताच्या मोड्यावर बसले, तेव्हा मला पलंगाचा पाय दिसला.

डोक्याकडचा डावा लाकडी पाय. त्याला चादरीच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. खालपासून वर, एकावर एक, जाड. मधे एक फुली. आणि शेवटचं टोक बोटभर दुमडलेलं.

"चाची, हे काय?"

"अरे मत पूछो," चाची म्हणाल्या. "पिछले के पिछले जुम्मे की बात. नमाज पढके लडका आया, मैं दस्तरख्वान बिछारी थी, इत्ते में कपडा फाडने की आवाज आई. देखती तो क्या, ये नीचे उतरके बैठे! खुद से करवट नहीं लेते जी ये आदमी. बाएँ हाथ से चादर खींचते, दाँतों से फाडते, और पाए को बाँधरे. पसीने में तर. लडका उठाने गया तो उस को ढकेल दिए. पूरा बाँधे, फिर वहीच सो गए. अब खोलने भी नहीं देते."

ज्या शुक्रवारी फायनल होती, तोच शुक्रवार. नमाज होऊन घरी जेवायला बसायची वेळ, म्हणजे अडीचच्या आसपास. मी त्यांना शुभांगीचं काही सांगितलेलं नव्हतं. आमच्या ग्राउंडवरचं कोणी त्या घरी गेलेलं नव्हतं, मी खोदून खोदून विचारलं.

मी उठले आणि चाचांच्या जवळ गेले. म्हटलं, "चाचा, लडकी बच गई." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डावा हात उचलला आणि माझ्या उजव्या हाताचा अंगठा धरला. कात्रीनं तिथं फोड आला होता, तो सुकत आला होता. त्यांचे ओठ हलायला लागले. चाची म्हणाल्या, "कुछ बोलरे. महिनों में नहीं बोले."

एक-एक अक्षर जोडत ते म्हणाले, "काटे... कायकू?"

का कापलंत?

चाचींना वाटलं चादरीचं म्हणतायत. "कौन काटा जी? तुमीच फाडे ना," म्हणून त्या हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. चाचांनी माझा अंगठा सोडला नाही. त्यांच्या नजरेत राग नव्हता. एवढ्या वर्षांत मी त्यांना कोणावर रागावलेलं पाहिलंच नाही. ते नुसते विचारत होते, आणि मी मान खाली घालून उभी होते. डायरेक्टरच्या केबिनमध्ये ते उभे राहायचे तशी.

मी त्यांना उत्तर दिलं नाही. चहा पिऊन निघाले.

तुम्ही शंका काढणार, मी पण काढल्या आहेत. कोणी जुन्या खेळाडूनं येऊन बांधलं असेल — मग मामांना दिसला का नाही? जुनी पट्टी कोणाच्या घरात पडून असेल — असेल, पण त्या पोरीला नेमकं कुठं दुखतं ते त्याला कोणी सांगितलं? फोड बघून चाचांना कात्री कळली असेल, तीस वर्षांचा अनुभव आहे — पण मी काय कापलं ते? फिजिओ म्हणून मी तुम्हाला लिहून देऊ शकते की अशा झटक्यानंतर दीड-दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस एकट्यानं पलंगावरून उतरून बसत नाही. हे लिहून द्यायचा मला अधिकार आहे, डिग्री आहे. पण तो बसला होता. त्या पट्टीचा एक तुकडा, कानासकट, माझ्या कपाटात पाकिटात ठेवलाय. गोंद सुकून आता चुरा पडतो.

शुभांगी त्या वर्षीच्या भरतीला मुकली. नऊ महिन्यांनी पुन्हा पळायला लागली. आता शेवटचा चान्स आहे, परवापासूनच्या स्पर्धेत तिचं नाव आहे. काल रूमवर आली आणि म्हणाली, "मॅडम, टेप बांधा ना. पण त्या दिवशी बांधली तशी, एका हातानं. लई भारी वाटलं होतं, कोणीतरी सांभाळतंय असं." मी म्हटलं, दोन हात असताना एका हातानं कशाला? ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि स्वतःच्या पायावर प्रयत्न केला. डावा हात आणि दात. जमत नाही. पहिला फेराच सुटतो.

मग तिला परत बोलावलं. म्हटलं, टेप नंतर. आधी त्या पायावर एक उडी मार, आणि तोंड माझ्याकडे ठेव. तिनं मारली. हसत होती.

आज सकाळी फाइल आली आहे. या वर्षीचे फॉर्म, वर पेन ठेवलेलं, शेजारी चहा. चहा निवला. डायरेक्टर सरांचे दोन फोन येऊन गेले. मी सांगितलं, आधी पोरं एकेक करून आत पाठवा, मग सही. ते चिडले आहेत. माझ्या पुढच्या ऑर्डरचं काय होईल माहीत नाही, आणि एवढ्या पोरांच्या नडग्या दाबून संध्याकाळी माझे हात उचलणार नाहीत हे मात्र नक्की माहीत आहे. एकूण काय घडलं त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, तुमच्याकडे असेल तर कमेंटमध्ये लिहा.

हे मी पोरं येईपर्यंत लिहीत बसले होते. बाहेर रांग लागलेली दिसते आहे. संध्याकाळी हात उचलले तर शहागंजला जायचंय, चाचांना एक उत्तर द्यायचं राहिलंय.